मर्सिडीज १२३ इस्टेटचं मागचं सेल्फ-लेव्हलिंग काढून साधे शॉक लावता येतील का?

येतात, पण नुसते शॉक बदलून भागत नाही. सेल्फ-लेव्हलिंग म्हणजे वजन वाढलं तरी गाडीची मागची उंची तेवढीच ठेवणारी यंत्रणा; तिच्यामुळे या गाडीत मागचं थोडं वजन तेलाच्या दाबावर पेललेलं असतं, म्हणून कॉइल स्प्रिंग मुळातच नरम दिलेली असते. तिच्यावर साधे शॉक टाकलेत तर डिकीत दोन बॅगा ठेवताच गाडी मागे बसेल आणि घोडबंदर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासेल. शॉकसोबत कडक स्प्रिंगा घ्यायलाच हव्यात. या यंत्रणेला तेलाचा दाब देणारा इंजिनवरचा पंप काढलात तर त्याच्या जागी उघड्या पडलेल्या तोंडावर गॅस्केटसकट प्लेट बसवा, नाहीतर तिथून ऑइल गळेल.

पण थांबा, आधी एक करून बघा. इंजिन चालू ठेवून मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबा. दगडासारखा लागला तर बहुतेक या यंत्रणेला मऊपणा देणारे, नायट्रोजन भरलेले दोन गोळेच गेलेत. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. ठाण्यातल्या एका गॅरेजने सगळं उपटून टाकायला सांगितलं होतं, मी फक्त गोळे बदलले आणि गाडी पुन्हा मऊसूत चालायला लागली. या यंत्रणेच्या तेलाच्या टाकीत ब्रेक ऑइल मात्र कधीच ओतू नका, सील फुगतात. सेल्फ-लेव्हलिंग काढलंतच, तर जुना एकही भाग भंगारात देऊ नका.