रक्त साकळतं, गोठतं की पातळ होतं?

प्रश्न असा आहे: रक्ताचे नमुने घेणाऱ्यांसाठी एका लॅबचं सूचनापत्रक मराठीत करायचं आहे. ट्यूबमधल्या ‘अँटिकोॲग्युलंट’साठी, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या द्रव्यासाठी, एकानं ‘रक्त पातळ करणारं द्रव्य’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘गोठणरोधक’, तिसऱ्यानं ‘प्रतिस्कंदक’. यांतला कोणता शब्द ठेवावा?

‘पातळ करणारं’ आधी काढून टाका. घरात हा शब्द चालतो. हृदयाची झडप बदललेल्या माणसाची वॉरफरिनची गोळी ही ‘रक्त पातळ करायची गोळी’ आणि ॲस्पिरिनही तीच. खरं तर ॲस्पिरिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, तर वॉरफरिनमुळे यकृतात तयार होणारे साकळण्याचे काही घटक निकामी राहतात. दोन्हींमुळे रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. तरीही रुग्णाशी बोलताना हा शब्द चालू द्यावा, तो त्याला कळतो. लॅबमध्ये मात्र तो घातक ठरतो, कारण तिथे ‘पातळ’ म्हणजे खरोखरच पाणी मिसळल्यासारखं. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये 3.2 टक्के सोडियम सायट्रेटचं द्रावण असतं, एका भागाला नऊ भाग रक्त. म्हणजे 0.3 मिलिलिटर सायट्रेट असेल तर 2.7 मिलिलिटर रक्त हवं. इथे रक्त थोडं पातळ होतंच, पण सायट्रेट त्यासाठी घातलेलं नसतं. ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट प्रमाणाबाहेर होतं आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, उगाच वाढलेला दिसतो. त्या आकड्यावरून वॉरफरिनच्या गोळीचा डोस ठरत असतो. अशा पत्रकात ‘पातळ’ हा शब्द दोन अर्थांनी येऊन चालणार नाही.

‘प्रतिस्कंदक’ला मोठी परंपरा आहे. रक्तस्राव थांबवण्याचे चार उपाय सुश्रुतसंहितेत दिले आहेत, संधान, स्कंदन, पाचन आणि दहन, आणि त्यातलं स्कंदन, म्हणजे रक्त साकळवणं, थंडाव्यानं होतं असं म्हटलं आहे. शब्द म्हणून मला तो फार आवडतो. पण सकाळी सात वाजता रिकाम्यापोटी आलेल्या माणसांच्या रांगेसमोर उभ्या असलेल्या टेक्निशियनला तो वाचून काही उमगणार नाही. रक्त साकळण्यासाठी मराठी विश्वकोशात असलेल्या ‘रक्तक्लथन’चंही तेच. ग्रंथात ते शोभतात, भिंतीवर लावायच्या कागदावर नाहीत.

राहिला ‘गोठणरोधक’. हा सर्वांत रुळलेला आहे आणि कुणी वापरला तर मी चूक म्हणणार नाही. माझी अडचण वेगळीच आहे. याच पत्रकात पुढे कुठेतरी ‘अख्खं रक्त गोठवू नये’ अशी सूचना येणार, कारण बर्फ झालं की तांबड्या पेशी फुटतात. मग ‘नमुना गोठला आहे, परत घ्या’ असा फोन आला तर काय समजायचं? फ्रीजरमध्ये गेला, की ट्यूबमध्ये गुठळी झाली?

मराठीकडे यासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि ती वापरायला आपण लाजतो याचं मला वाईट वाटतं. पाणी गोठतं, तूप थिजतं, दही लागतं, रक्त साकळतं. कुणी ‘साखळतं’ म्हणतं, तेही चालेल. थिजलेलं तूप ऊन दाखवलं की पुन्हा पातळ होतं, पण साकळलेलं रक्त नुसतं कोमट करून पूर्ववत होत नाही, कारण त्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं तयार झालेलं असतं. मुका मार लागून कातडीखाली रक्त जमतं तेव्हाही आपण ‘साकळलं’ म्हणतो, म्हणून काहींना हा शब्द तेवढ्यापुरताच वाटतो. पण उघड्या जखमेवर, वाटीत, ट्यूबमध्येही रक्त साकळतंच.

म्हणून माझं मत: क्रिया सांगताना ‘साकळणे’, घडलेल्या वस्तूला ‘गुठळी’, आणि द्रव्याला ‘साकळरोधक’. ‘गोठणे’ फक्त फ्रीजरसाठी राखून ठेवा.

याचा उपयोग कुठे होतो ते जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये दिसतं. (आपल्याकडे ट्यूबला बल्ब म्हणायची सवय आहे, ती पत्रकातही ठेवा.) ईडीटीए आतल्या भिंतीवर फवारून वाळवलेलं असतं, दर मिलिलिटर रक्ताला साधारण दीड ते दोन मिलिग्रॅम. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय साकळण्याची साखळी पुढे सरकत नाही. पण त्यासाठी रक्त भिंतीला सगळीकडून लागायला हवं. बल्ब हळूच आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा, खळाखळा हलवायचा नाही. हे राहिलं की तळाशी मोहरीएवढी गुठळी होते, प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि यंत्र कमी आकडा देतं. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, असा खोटा आकडा घरच्यांची झोप उडवतो. म्हणून आकडा कमी आला की काडी फिरवून गुठळी आहे का ते पाहतात.

जांभळ्यातलं रक्त प्लेनमध्ये, म्हणजे साकळरोधक नसलेल्या बल्बमध्ये, ओतू नये, ही सूचनाही याच कारणानं. ईडीटीए बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे तसं केलं तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं.

राखाडी टोपणाबद्दल मात्र सावध राहा. त्यातल्या फ्लोराइडला ‘साकळरोधक’ म्हणू नका. साकळणं थांबवायचं काम त्यात बहुधा ऑक्झलेट करतं. फ्लोराइड पेशींना साखर खाऊ देत नाही. ते नसेल तर खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर ताशी पाच ते सात टक्क्यांनी उतरते. त्याला ‘साखर टिकवणारं’ म्हणा. हिरव्या टोपणातलं हेपारिन साकळरोधकच, पण ते कॅल्शियमला हात लावत नाही, रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनचा, म्हणजे साकळणं आवरणाऱ्या प्रथिनाचा, जोर वाढवतं. 1916 साली जे मॅक्लीन या अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातून असं द्रव्य हाती लागलं होतं, आणि यकृताच्या ग्रीक शब्दावरून पुढे त्याचं नाव पडलं.

पत्रकातली ओळ मी अशी लिहीन: ‘जांभळा बल्ब: आत साकळरोधक ईडीटीए. रक्त खुणेपर्यंत भरा, लगेच हळूच आठ-दहा वेळा उलटा करा. गुठळी दिसली तर नमुना परत घ्या.’