इमल्शनचा रिअ‍ॅक्टर टाकण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सांगलीत रंगांचं दुकान, कुपवाड एमआयडीसीत एक शेड रिकामी, आणि कुठल्याशा मार्केट रिपोर्टचा फुकट नमुना वाचून वॉटर-बेस रेझिनला (गोंद-रंगातल्या चिकटवणाऱ्या भागाला) चांगले दिवस आलेत असं वाटतंय. म्हणून तीन टनांचा रिअ‍ॅक्टर टाकायचा, म्हणजे कच्च्या द्रवापासून रेझिन घडवायचं भांडं बसवायचं, आणि त्यात पांढरा गोंद आणि रंगवाल्यांसाठी रंगाला भिंतीवर धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक बाइंडर काढायचा. मी तळोजा-तारापूर पट्ट्यात इमल्शनच्या, म्हणजे रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगणाऱ्या दुधासारख्या मालाच्या, प्लांटवर चोवीस वर्षं काढली. आधी शिफ्टमध्ये, नंतर खरेदीत, आणि खरेदीत जास्त शिकलो. माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा करा, रिअ‍ॅक्टर टाकू नका. निदान पहिली तीन वर्षं तरी नाही.

त्या रिपोर्टबद्दल एकच सांगतो. भिंतीचा डिस्टेंपर, बाटलीच्या लेबलचा गोंद, मोटारीचा बेसकोट, कागदी कपाचं अस्तर असं सगळं एकाच पोत्यात भरून ते पोतं तोलतात, आणि वाढीचा टक्का त्या पोत्याचा असतो. तुम्ही विकणार तो माल पोत्यात कुठल्या कोपऱ्यात आहे, हे त्यात सापडत नाही.

भिंतीचं घ्या. आतल्या भिंतींचा रंग आपल्याकडे पाण्यावर येऊन जमाना झाला. युरोपात तो कायद्याने आणला. 2010 पासून आतल्या मॅट रंगात लिटरमागे 30 ग्रॅमपेक्षा जास्त उडून जाणारी द्रव्यं (सॉल्व्हंट वगैरे) चालत नाहीत. आपल्याकडे सक्ती आली ती शिशावर, 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90), 2017 पासून. बाकी वास नको, दोन तासांत दुसरा हात मारता यावा, ब्रश नळाखाली धुता यावा, एवढ्यावर गिऱ्हाईक आपणच वळलं. तेव्हा भिंतीत 'सॉल्व्हंटवरून पाण्यावर' ही वाढ फारशी उरलेली नाही. उरलंय ते ग्रिल, दारं आणि लाकडाचं पॉलिश.

पुरवठ्याकडे बघा. बिर्ला ओपस फेब्रुवारी 2024 मध्ये बाजारात उतरलं ते सहा कारखान्यांची, वर्षाला 133 कोटी लिटर क्षमतेची योजना घेऊन. त्यातला एक आपल्या महाडला आहे. जून 2025 मध्ये जेएसडब्ल्यूने अक्झो नोबेल इंडिया घेण्याचा सौदा जाहीर केला. असे मोठे लोक आपल्या रंगाचं इमल्शन बहुतेक स्वतःच बनवतात. मग तुमचा बाइंडर घेणार कोण? गावोगावचे डिस्टेंपरवाले, टेक्स्चरवाले, वॉटरप्रूफिंगचा डबा भरणारे. माणसं चांगली, पण नव्वद दिवसांची उधारी आणि किलोला दोन रुपये कमी मिळाले की दुसरा दरवाजा. तुम्ही दुकानदार आहात, उधारी म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगू!

आता पांढरा गोंद. खरं दुखणं इथे आहे आणि त्याचं नाव व्हॅम, म्हणजे व्हिनाइल अ‍ॅसिटेट मोनोमर, ज्याचे रेणू साखळीने जोडून गोंद बनतो ते कच्चं द्रव. फेव्हिकॉल 1959 पासून आहे, गोंद घराघरात पोचलाय, पण तो ज्यापासून होतो तो मोनोमर आपण जवळजवळ सगळा बाहेरून आणतो. आजची जुबिलंट कंपनी एके काळी व्हॅम ऑरगॅनिक केमिकल्स या नावाची होती. नावातच व्हॅम असलेल्या कंपनीच्या देशात आज व्हॅमचं जहाज कधी लागतंय याची वाट बघतात.

2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं आणि तिथले व्हॅमचे प्लांट बंद पडले. त्या आठवड्यात मला दलालाने फोनवर दोनदा भाव सांगितला, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. 2022 मध्ये भाव टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास गेला, आणि पुढच्या वर्षी हजाराच्या आजूबाजूला उतरला. हिशोब कागदावर मांडा. निम्मे सॉलिड्स (पाणी उडाल्यावर उरणारा घन भाग) असलेल्या एक किलो गोंदात धरून चाला 400 ग्रॅम व्हॅम. टनामागे दीड हजार डॉलरचा फरक म्हणजे तेव्हाच्या ऐंशीच्या डॉलरने किलो मोनोमरला 120 रुपये, आणि गोंदाच्या किलोला 48. हे अठ्ठेचाळीस रुपये वर चढताना सुताराकडून वसूल होत नाहीत, कारण डब्याचा भाव महिन्याला बदलता येत नाही आणि सुतारांसाठी झाकणाखाली ठेवलेलं बक्षिसाचं कुपनही बंद करता येत नाही. उतरताना तुमच्या टाकीत महागाचा माल पडलेला, आणि बाजार म्हणतो कालच्यापेक्षा कमी करा. मोठी कंपनी हे दोन तिमाहीत पचवते. तीन टनांच्या रिअ‍ॅक्टरवाल्याचं बँकेतलं खातं पचवत नाही.

शिवाय पुढची दिशा व्हीएईची (व्हिनाइल अ‍ॅसिटेट-इथिलीन इमल्शनची) आहे. त्यात मोनोमरबरोबर इथिलीन जातं, त्यामुळे फिल्म (सुकल्यावर उरणारा पापुद्रा) आपोआप मऊ राहते, वरून मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर ओतावा लागत नाही. एशियन पेंट्सने गुजरातमधल्या दहेजला व्हॅम आणि व्हीएईचा प्रकल्प जाहीर केला तो याचसाठी. वर्षाला दीड लाख टन व्हीएई, एक लाख टन व्हॅम. पण इथिलीन दाबाखाली घ्यावं लागतं. ते तुमच्या-माझ्या शेडचं काम नाही, करूही नका. साधा व्हॅमसुद्धा उणे आठ अंशांना पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. साठवायला पेसोचा (केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा खात्याचा) परवाना, एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण मंडळाची) संमती, आणि रिअ‍ॅक्टर धुतल्यावर येणारं दुधासारखं पाणी कुठे घालायचं हा रोजचा प्रश्न. ते पाणी बघायला निरुपद्रवी वाटतं, त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, बघितला की घाम फुटतो.

लोकांना वाटतं 'वॉटर-बेस' म्हणजे सोपं. पाण्यात जीव वाढतात हो! एका मे महिन्यात आमच्या गिऱ्हाइकाने चाळीस ड्रम परत पाठवले. पहिल्याचं झाकण उचललं तर सडलेल्या अंड्याचा वास, वर करडी साय, कडेला गुलाबी डाग. काडीने ढवळलं तर खाली पातळ ताक झालेलं. फॉर्म्युला तोच, मोनोमर तोच. शोधत गेलो तेव्हा कळलं की त्या आठवड्यात पाणी टँकरचं घेतलं होतं, आणि बायोसाइडचा (जंतू मारणाऱ्या द्रव्याचा) डोस बॅच गरम असतानाच टाकल्याने निकामी झाला होता. नंतर टाकी, पाइप, पंप सगळं उकळत्या पाण्याने धुतलं तरी पुढच्या दोन बॅचमध्ये वास येतच राहिला. बरं, प्रिझर्व्हेटिव्ह हवा तेवढा टाका म्हणावं तर युरोपात एमआयटी हा प्रिझर्व्हेटिव्ह 15 पीपीएमच्या वर गेला की 'अ‍ॅलर्जी होऊ शकते' असा इशारा लेबलवर छापावा लागतो. निर्यातदार गिऱ्हाईक पहिल्याच मेलमध्ये तेच विचारतं.

थंडीचंही एक सांगतो. प्लॅस्टिसायझर कमी पडलेला साधा गोंद पंधरा अंशांच्या खाली नीट फिल्म धरत नाही. डिसेंबरात पहाटे सुतार लावून जातो, दुपारी जोड उघडला की आत खडूची पूड. तो म्हणतो माल खोटा. माल खोटा नसतो, सकाळ थंड असते. पण परत येतो तो डबाच.

मग जागा कुठे आहे? कागदात आहे. जुलै 2022 ला एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली आणि कागदी स्ट्रॉ, वाट्या, कप यांचा गोंद आणि आतलं अस्तर हा विषय खरोखर हलला. मॉड्युलर किचनच्या शटरवर फॉइल बसवणारा पीयू डिस्पर्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पॉलियुरेथेनचा) गोंद चालतो. तो महाग आहे, पण तिथे गिऱ्हाईक भावाआधी 'सुटणार नाही ना' हे विचारतं. चपलांच्या सोल्युशनला पाण्याचा पर्याय आहे, फक्त पाणी उडवायला सोल्युशनमधल्या टोल्युइन या सॉल्व्हंटपेक्षा किलोमागे सहापट उष्णता लागते. सावलीत बसून ब्रशने लावणारा कारागीर ती कुठून आणणार? रिपोर्टमध्ये हे वाक्य कधी दिसलं नाही मला.

आणि तुमच्या दाराशी बेदाणा आहे. तासगाव-सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स महिनोन् महिने पडून असतात. आत थंड, बाहेर काढले की अंगावर पाणी सुटतं, आणि बाजूचा चिकटवलेला जोड उकलतो. म्हणून बरेच जण पिना मारतात. ओलाव्यात टिकणारा साइड-पेस्टिंगचा, म्हणजे तो जोड चिकटवायचा, गोंद त्या बॉक्सवाल्यांना हवाच आहे, आणि तो द्यायला मुंबईची मोठी कंपनी दोन ड्रमसाठी माणूस पाठवणार नाही. तुम्ही स्कूटरवर जाऊ शकता.

म्हणून करायचं तर असं करा. इमल्शन तयार घ्या, पीव्हीए (व्हॅमचं साधं इमल्शन), व्हीएई आणि थोडं अ‍ॅक्रिलिक, चांगल्या उत्पादकाकडून ड्रममध्ये. तुमच्याकडे एक टनाचा मिक्सर, दाटपणा मोजायला ब्रुकफील्ड व्हिस्कॉमीटर, सॉलिड्ससाठी ओव्हन, पीएच मीटर आणि एक साधा फ्रीज. फ्रीज नमुने ठेवायला नाही, जोड थंडीत आणि ओलाव्यात तपासायला. लाकडाच्या गोंदासाठी आयएस 4835 हे भारतीय मानक विकत घेऊन वाचा, त्यातल्या चाचण्या स्वतःच्या हाताने करा. पहिले सहा महिने वहीवाले, पुस्तकबांधणीवाले, बॉक्सवाले एवढेच धरा. सुतारांच्या डब्यात शिरू नका, तिथे कुपनाच्या लढाईत तुमचं दुकान जाईल. व्हॅमचा भाव मात्र रोज बघत राहा, विकत घेत नसलात तरी. तुमचा पुरवठादार भाव कधी वाढवणार ते त्यावरून महिनाभर आधी कळतं.

शेडमध्ये पाणी बोअरचं आहे की एमआयडीसीचं, आणि त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, ते कळवा. जड पाणी असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या गुठळ्या होतात, आणि मग मिक्सरच्या आधी तुम्हाला पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लांट घ्यावा लागेल.