ट्राइकला मागे सस्पेन्शन कुठलं घ्यायचं?

प्रश्न : नमस्कार सर. माझी ६५० सीसीची ट्विन बाईक आहे, चेनवाली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून थांबल्यावर गाडी सावरता येत नाही म्हणून तिचीच ट्राइक बनवतोय, पुढे एक मागे दोन चाकं. चेनवर चालणारं डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) मिळालंय. वेल्डिंग करणारा मित्र म्हणतो स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा वर-खाली हलणारा आर्म) रुंद करू, त्यावर सलग एक्सल टाकू, बाईकचेच दोन शॉकअप लावू, झालं काम. दुसरा म्हणतो इंडिपेन्डंटच कर. बायको मागे बसणार, प्रवास लांबचे, रस्ते खराब. शॉकअप कुठले घेऊ?

उत्तर : शॉकअप सगळ्यात शेवटी घ्या, खरंच. आधी एकच गोष्ट ठरवा, मागची दोन चाकं एकमेकांना बांधलेली ठेवायची (सलग एक्सल) की सुटी (इंडिपेन्डंट), कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं आणि हे एकदा वेल्ड झालं की बदलता येत नाही.

मित्र म्हणतोय त्या पद्धतीत एक्सल स्विंगआर्मला घट्ट बसतो. बघताना दोन शॉकअप दिसतात म्हणून वाटतं दोन्ही चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन आहे, पण तसं नसतं, आर्म एकच आहे त्यामुळे दोन्ही शॉकअप एकदमच दबतात नाहीतर दबतच नाहीत. एकाच चाकाखाली उंचवटा आला की अख्खी गाडी कलते. हिशोब करून बघा, मागच्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर आणि एका चाकाखाली ५ सेंमीचा दगड, तर गाडी साधारण अडीच अंश कलते. ऐकायला काहीच नाही, पण तुमचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर आहे, ते ६ सेंमी बाजूला फेकलं जातं आणि लगेच परत येतं. टायर यातलं थोडं खातो, सगळं नाही. मी अशी ट्राइक तीन वर्षं चालवलीय. मला धरायला हँडल तरी होतं, मागे बसणाऱ्याला तेही नाही, तासाभरात मान आखडायची. वहिनी मागे बसणार म्हणताय म्हणून हे आधी सांगितलं.

आणखी एक, तो पीळ जातो कुठे? पिव्हटमध्ये, म्हणजे आर्म फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या सांध्यात. माझ्या गाडीला पिव्हटच्या नळीजवळ वेल्डच्या अगदी कडेला केसासारखी रेष आली होती, रंगावर गंजाची एक बारीक तांबूस धार दिसली म्हणून कळलं, धुताना नुसतं पाणी मारून पुढे गेलो असतो तर कळलंही नसतं. म्हणून सलग एक्सल करणारच असाल तर तिथे नीट गसेट (मजबुतीची त्रिकोणी पट्टी) द्या आणि दर महिन्याला तो भाग पुसून बॅटरीच्या उजेडात बघा.

आता सलग एक्सल वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. हार्लेची २००९ मॉडेलची ट्राय ग्लाइड आली ती सलग एक्सल आणि हवेच्या शॉकअपवरच. वळणात गाडी सपाट राहते, सांधे कमी, बिघडायला फारसं काही नसतं. गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने चालवायची असती तर मी तुम्हाला तेच सांगितलं असतं.

पण तुमच्या वापराला इंडिपेन्डंट करा, तेही साधं ट्रेलिंग आर्मचं. डिफ फ्रेमला घट्ट, तिथून चाकं फिरवणारे दोन हाफ शाफ्ट, सीव्ही जॉइंटवाले (वाकूनही फिरणाऱ्या सांध्यांचे), प्रत्येक चाकाला पुढून मागे जाणारा आपापला आर्म. डिफ जागचं हलत नाही म्हणून सस्पेन्शन कितीही वर खाली झालं तरी चेनचा ताण बदलत नाही, चेनवाल्या गाडीत हा मोठा फायदा आहे. शिवाय डिफचं वजन स्प्रिंगच्या वर येतं, खाली लोंबत नाही, त्यामुळे चाक रस्ता कमी सोडतं. आर्म बनवताना जिग (भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा) करूनच वेल्ड करा आणि प्रत्येक आर्मचे दोन बुश (ज्यांवर आर्म फिरतो ते) एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा, वळणात चाकावर येणारा बाजूचा सगळा जोर तेच झेलतात, जवळ ठेवले तर चाक आत-बाहेर वळायला लागतं आणि मागून गाडी ढकलल्यासारखी वाटते. दोघं बसल्यावर हाफ शाफ्ट जवळपास आडवे सरळ दिसले पाहिजेत.

मधला एक मार्ग आहे, द डिऑन. डिफ फ्रेमला पण दोन चाकं एका नळीने जोडलेली. १८९४ च्या सुमाराची जुनी युक्ती आहे आणि चांगली आहे, पण ती नळी बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड नाहीतर वॉट लिंक असा आडवा बांध लागतो. पहिल्याच बिल्डला एवढं नको.

ट्रेलिंग आर्मचा तोटा म्हणजे वळणात बॉडी झुकते आणि तिच्याबरोबर चाकंही झुकतात. म्हणून अँटी रोल बार (दोन्ही आर्म जोडणारा, पिळला जाणारा दांडा) लावाच. पुढचं चाक एकटं असल्यामुळे ते झुकणं अजिबात अडवत नाही, सगळं मागच्या दोघांवर असतं. पण बार लावला म्हणजे गाडी उलटणार नाही असं कृपा करून समजू नका, बार झुकणं कमी करतो, आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारं वजन तेवढंच राहतं. उलटणं ठरतं तीन गोष्टींवर : मागची रुंदी, गुरुत्वमध्याची उंची आणि मागच्या चाकांवर किती टक्के वजन आहे. रुंदी १.२ मीटर, वजनाचा ६५ टक्के भाग मागे, उंची ५५ सेंमी, तर साधारण ०.७ जी ला (म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.७ पट बाजूच्या जोराला) आतलं चाक उचलायला लागेल. तीच उंची ५० सेंमी केली की ०.७८. म्हणजे बॅटरी, टाकी, सामानाची पेटी खाली आणि मागे घेतलीत तर कुठल्याही महागड्या शॉकअपपेक्षा जास्त फायदा. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे, त्या एकट्या चाकाकडे जातं, आणि गाडी उलटायची सगळ्यात जास्त शक्यता तेव्हाच असते, त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी.

आता शॉकअप. गाडी उभी राहिली की दोघं बसून मागच्या दोन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवा. समजा मागे ३०० किलो भरलं, त्यातलं चाकं, ब्रेक, आर्म वगैरे ६० वजा करा, राहिले २४०, एका बाजूला १२०. एवढ्या वजनाला चाकापाशी मोजून साधारण १० सेंमी दाब हवा (त्यातला थोडा प्रीलोडमध्ये आधीच दाबून ठेवता येतो), म्हणजे गाडी सेकंदाला दीडेक वेळा डोलेल, अंगाला बरं वाटतं. चाकापाशी झाली १२ किलो प्रति सेंमी. पण शॉकअप चाकावर नसतो, आर्मवर अलीकडे असतो. आर्मच्या ७० टक्के लांबीवर उभा लावला तर ०.७ चा वर्ग ०.४९ (शॉकअपवर जोर वाढतो आणि हालचालही कमी होते, म्हणून वर्ग), १२ भागिले ०.४९ म्हणजे जवळपास २४.५ किलो प्रति सेंमीची स्प्रिंग. मध्यावर लावला तर ४८! इथेच लोक फसतात, शॉकअप चार इंच पुढे सरकवतात आणि मग गाडी का बसली म्हणून विचारतात. तिरका लावला तर आणखी कडक स्प्रिंग लागेल.

प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. बाईकचे जुने शॉकअप वापरू नका, नुसती स्प्रिंग जाड टाकली तरी आतलं डॅम्पिंग (उसळी अडवणं) जुन्या स्प्रिंगचंच राहतं आणि खड्ड्यानंतर गाडी तीन-तीन वेळा उड्या मारते. रिबाउंड (स्प्रिंग परत उसळण्याचा वेग) ॲडजस्ट होणारे घ्या. आणि कारचे टायर लावलेत तर हवा कारएवढी भरू नका, तुमच्या चाकावर कारपेक्षा खूप कमी वजन आहे, टायर दगडासारखा लागेल.

प्रश्न : माझ्या ट्राइकला इंडिपेन्डंट सस्पेन्शन आणि मागे दोन एअर शॉकअप आहेत. वळणात गाडी भयंकर झुकते, हवा वाढवली तरी तेच. काय करू?

उत्तर : दोन्ही शॉकअपना हवा एकाच नळीतून टी लावून जाते का ते बघा. तसं असेल तर वळणात बाहेरच्यातली हवा दाबून आतल्यात जाते, म्हणजे झुकायला गाडीच मदत करते. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह करा आणि दोन्हीकडे गेजने सारखी हवा भरा. त्यानंतरही झुकली तर अँटी रोल बार, आधी नाही.