नाताळात करंज्या का? मिनूला पत्र

लाडक्या मिनू,

काल रात्री झोपायला जाताना जिन्यात थांबून तू विचारलंस, "पप्पा, करंज्या दिवाळीच्या असतात ना? मग आपण नाताळात का करतो? आपण मराठी आहोत की ख्रिश्चन?" खाली हॉलमध्ये आत्याची मुलं गाद्यांवरून भांडत होती, म्हणून मी "उद्या सांगतो" म्हणालो. हे उत्तर मी लिहूनच देतोय. तू आता मराठी सलग वाचतेस, आणि बोलायला बसलो की छोटू दर दोन वाक्यांनी मांडीवर चढतो.

हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत आहे. रविवारच्या मराठी वर्गात सणांचा तक्ता लावलाय. त्यात पाडवा आहे, नारळी पौर्णिमा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत आहे. नाताळ नाही. तिथे कुणीतरी तुला म्हणालं की ख्रिसमस हा इंग्रजांचा सण, आपला नाही. आणि सुट्टी लागायच्या आधी शाळेतल्या पार्टीला तू करंज्यांचा डबा नेलास, तेव्हा एका मुलीने विचारलं की याचा ख्रिसमसशी काय संबंध. एकीकडे सण परका ठरला, दुसरीकडे खाऊ परका ठरला. अशा वेळी कुठल्याही मुलीला प्रश्न पडेलच.

तर उत्तर असं, की आपण मराठी आहोत आणि ख्रिश्चनही आहोत. यातलं एक खरं ठरवण्यासाठी दुसरं सोडायचं नसतं. आजीला हा प्रश्न विचारलास तर तिला तो कळणारच नाही. लाल लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून ती नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, जाते, मराठीत प्रार्थना म्हणते आणि घरी येऊन तांदळाच्या भाकऱ्या थापते. तिच्या लेखी हे सगळं एकच आहे.

आता आपल्या वसईचा थोडा इतिहास. 1534 साली, तोही नेमका 23 डिसेंबरला, गुजरातच्या सुलतानाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं तिथे त्यांचं राज्य होतं. त्या काळात आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. काही मनापासून झाले, काहींवर दडपण होतं. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही तुला माहीत असायला हव्यात. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. तिथल्या चर्चमधल्या मोठाल्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या अजून टांगलेल्या आहेत. पुढच्या वेळी भारतात गेलो की तुला मेणवलीची घंटा दाखवायची माझी फार इच्छा आहे.

राज्य बदललं तरी आपली माणसं गावातच राहिली. तीच भातशेती, त्याच केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, तीच बावखलं, म्हणजे वाड्यांमधली छोटी तळी. घरात बोली तीच, लग्नात हळद तीच. देव बदलला म्हणून आजीच्या आजीच्या आजीने चूल बदलली नाही. सण आला की गोडाचं म्हणून तिच्या हाताला जे येत होतं तेच तिने केलं, आणि ती करंजी होती. तुझ्या करंजीचं कारण एवढंच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आमच्या लहानपणी तर करंज्या दोनदा मिळायच्या. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट यायचं, त्यावर विणलेला रुमाल. ताट रिकामं परत करायचं नाही अशी रीत. मग नाताळात आमच्याकडून करंज्या, पिठाचे तळलेले गोड कुलकुल आणि केकचा तुकडा त्यांच्याकडे जायचा, तोच रुमाल घालून. दोन्ही घरच्या करंज्यांची चव वेगळी असायची आणि कुणाची सरस यावर आम्हा पोरांत वाद व्हायचे. मी कायम काकूंच्या बाजूने असायचो. हे आजीला सांगू नकोस.

आता 24 तारखेच्या गोंधळाबद्दल. तू आईला म्हणालीस की "आपला ख्रिसमस बिघडला". ते मला काही पटलेलं नाही. काय झालं ते नीट आठव. 25 तारखेला इथे इंग्लंडमध्ये ट्रेन धावत नाहीत, म्हणून आत्याकडचे सगळे आदल्या दिवशीच आले. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांची मिस्सा संध्याकाळी लवकर आटोपली आणि घरी येऊन करंज्यांचा घाट घातला. छोटूने खसखशीची वाटी सारणात उपडी केली. पारी लाटून ओल्या फडक्याखाली ठेवायची असते. ते फडकं कुणीतरी सांडलेलं दूध पुसायला उचललं, त्यामुळे पाऱ्या सुकल्या. सुकलेल्या पारीच्या कडा चिकटत नाहीत. आतेभावाने सारण दाबून दाबून भरलं, कातण फिरवलं, करंजी दिसायला सुरेख झाली. तेलात सोडली आणि तिचं तोंड उघडलं. सारण तेलात उतरलं की साखर जळते, तेल काळं पडतं, आणि मग पुढच्या प्रत्येक करंजीवर काळे ठिपके येतात. धूर झाला, अलार्म ओरडायला लागला, छोटू रडायला लागला, आत्या टॉवेल घेऊन खुर्चीवर चढली.

आणि नेमकं तेव्हाच वसईत मध्यरात्र झाली होती. आपल्याकडे साडेसहा, तिकडे बारा. काकाने चर्चच्या पटांगणातून व्हिडिओ कॉल लावला होता. 'देवाला गौरव' हे मिस्सेतलं गीत सुरू झालं आणि तिकडच्या घंटा वाजायला लागल्या. फोनमधून घंटा, वरून अलार्म, मधे छोटूचा भोंगा. तुला त्या क्षणी लाज वाटली, कारण तिकडे सगळे नटूनथटून उभे होते आणि आपल्या स्वयंपाकघरात धूर होता. पण मिस्सेनंतर आजीचा फोन आला तेव्हा ती काय म्हणाली ते तू ऐकलंस? ती म्हणाली, "कडेला दुधाचं बोट फिरवा, सारण चमच्याने कमी करा, आणि तेल गाळून घ्या. फुटलेल्या आधी पोरांना द्या." बाकी काही नाही. आमच्या घरी दरवर्षी फुटायच्या आणि त्या खायला आम्ही चुलीपाशीच बसून राहायचो, कारण धड करंज्या ताटांत वाटायला जायच्या.

उरलेल्या पाऱ्यांचे आपण कुलकुल केले ते आईने छान सुचवलं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून तू जी वळवत होतीस, ती पद्धत अगदी आजीची आहे. आजी काट्याऐवजी नवी कोरी फणी घेते. फणीचे दात बारीक, त्यामुळे रेषा सुबक उठतात. पुढच्या वर्षी आपणही एक फणी त्यासाठी वेगळी ठेवू.

मग गोठा, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. इथल्या मुलांच्या घरी झाड असतं, आपल्याकडे झाड असतं आणि गोठाही असतो. वसईत नाताळचा गोठा हा मुलांचा मोठा उद्योग. भात नुकतंच कापून झालेलं असतं, त्यामुळे पेंढा हवा तेवढा. चिखलाचे डोंगर करायचे, परातीत गहू पेरून त्याचं शेत करायचं, बावखलाच्या काठची दगडं आणायची. गावागावांत गोठ्यांच्या स्पर्धा लागतात. वर बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा. तो तारा बांधायची पद्धत आकाशकंदिलाचीच आहे. दिवाळीचा कंदील करणारा हात नाताळचा तारा सहज करतो. आपल्याला इथे भाताचा पेंढा कुठून मिळणार? सशांसाठी पेंढा विकणाऱ्या दुकानातून गव्हाचा आणला. पण गहू तू स्वतः पेरलास, आणि तो वेळेवर उगवला, चांगला बोटभर झाला. मी आजोबांना त्याचा फोटो पाठवला तर त्यांनी तो सगळ्या वाडीला दाखवला.

बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायची नसते, हे तुला माहीत आहे. आपण ती कपाटात ठेवली होती आणि ऐनवेळी ती तिथे नव्हती. सोफ्याखाली, कचऱ्याच्या पिशवीत, केकच्या डब्यात, कुठे कुठे शोधली. आत्या तर हरवलेलं शोधून देणाऱ्या सेंट अँथनीची प्रार्थना म्हणायला लागली. शेवटी ती सापडली छोटूच्या उशाशी टांगलेल्या सांताच्या मोज्यात, रुमालात गुंडाळलेली. झोपेतच तो म्हणाला की बाळाला पेंढा टोचतो आणि थंडी वाजते. तू चिडली होतीस, कारण गोठा तुझा होता आणि मान तुझा होता. चिडणं बरोबर होतं. पण मिनू, तीन वर्षांच्या मुलाला त्या मातीच्या बाळाची काळजी वाटली, यापेक्षा गोठ्याचं सार्थक ते काय? रुमालासकट मूर्ती ठेवायचं तूच ठरवलंस, ते मला मनापासून आवडलं.

आता एक गोष्ट खास तुझ्यासाठी, कारण ती या देशातली आहे. इथे इंग्लंडमध्येच विल्टशर नावाचा परगणा आहे. तिथल्या बुश्टन गावात जन्मलेला थॉमस स्टीफन्स नावाचा माणूस 1579 साली जहाजाने गोव्याला पोहोचला. पोहोचल्यावर त्याने वडिलांना प्रवासाचं पत्र लिहिलं, ते पत्र आजही वाचायला मिळतं. तो धर्मगुरू होता, गोव्यातच राहिला, तिथली भाषा शिकला आणि मराठीच्या इतका प्रेमात पडला की त्याने येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली. ज्ञानेश्वरीत असतात तशाच ओव्या, जवळजवळ अकरा हजार. 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. त्यात मराठीची सुंदर स्तुती केलीय. म्हणजे एका इंग्रजाने चारशे वर्षांपूर्वी नाताळची गोष्ट मराठीत सांगितली. वर्गात कुणी पुन्हा म्हणालं की हा सण मराठी नाही, तर हे सांग. भांडू नकोस, फक्त सांग.

आणि मराठी ख्रिश्चन म्हणजे फक्त आपण वसईकर नाही. आपल्याकडे 26 तारखेला जेवायला आलेल्या काकू नगरच्या. त्यांच्या घरी मिस्सा नसते, उपासना असते, आणि नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात. परवा त्यांनी म्हटलं तेव्हा तू टाळ धरला होतास ना, ते टिळकांचंच भजन. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी आजोबा दिवसभर टीव्हीपुढून हलले नव्हते. फादर आता नाहीत, 2024 मध्ये गेले. पण त्यांचं 'सुबोध बायबल' आपल्या कपाटात आहे, निळ्या पुठ्ठ्याची वही असते त्याच्या शेजारी. त्यातला लूकचा दुसरा अध्याय काढ. मेंढपाळांची गोष्ट तिथे आहे. आज रात्री तू मोठ्याने वाच, अडलीस तर मी आहे.

तक्त्याबद्दल मी तुमच्या बाईंना कालच लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्या म्हणाल्या, मिनूनेच येऊन सांगावं, आणि तक्त्यावर तिनेच लिहावं. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी तुला दहा मिनिटं मिळतील. काय सांगायचं ते तू ठरव. गव्हाचं शेत नेता येईल, परात मी धरीन. आजीचा लाल लुगड्यातला फोटो छापून आणतो. ताराही करू, कामट्या आणल्या आहेत. तू सांगत असताना वर्गात ईद करणारी किंवा बुद्धपौर्णिमा करणारी मुलं असतील तर त्यांनाही विचार, त्यांचे सण तक्त्यावर कुठे लिहायचे.

करंज्या त्या रविवारसाठी ताज्या करू. शनिवारी दुपारी, छोटू झोपल्यावर. आणि वर्गात कुणाला काजू-बदामाचं वावडं आहे का ते बाईंना आधी विचारून ठेव. असेल तर सारणात नुसतं खोबरं, रवा आणि वेलची घालू.

तुझे,
पप्पा