इंग्लंडमधल्या अॅस्कॉट रेसकोर्सवरची किंग्ज स्टँड ही घोड्यांची रेस कशी सुरू झाली?

खरं सांगायचं तर पावसामुळे! 1860 साली रॉयल अॅस्कॉटला, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या रेस-मेळ्यात, रॉयल स्टँड प्लेट नावाची दोन मैलांची रेस ठरली होती, पण पाऊस असा कोसळला की ट्रॅकचा पार चिखल झाला, मग जो तुकडा त्यातल्या त्यात धड होता तेवढ्यावरच 5 फर्लांगांत उरकून टाकली, आणि तीच पुढे इंग्लंडमधल्या मानाच्या स्प्रिंट (कमी अंतराच्या, वेगवान) रेसपैकी एक झाली. 5 फर्लांग म्हणजे साधारण 1000 मीटर, मिनिटभरात खेळ खल्लास. आपल्या महालक्ष्मीची इंडियन डर्बी 2400 मीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या.

आधी नाव क्वीन्स स्टँड प्लेट होतं, व्हिक्टोरिया राणी गेली आणि एडवर्ड गादीवर आला तेव्हा 1901 मध्ये क्वीनचं किंग झालं. 1988 ला ग्रुप 1 चा, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा गेला, तो परत मिळाला थेट 2008 ला. मधल्या काळात ऑस्ट्रेलियन घोड्यांनी येऊन धुमाकूळ घातला, 2003 चा शुआझीर तर ही रेस मारून त्याच आठवड्यात अॅस्कॉटचीच गोल्डन ज्युबिली ही दुसरी स्प्रिंट रेसपण घेऊन गेला, मला तरी तोच सगळ्यात भारी वाटतो. आणि हो, 2024 पासून नाव किंग चार्ल्स थर्ड स्टेक्स आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधाल तर गोंधळ होईल.