जबड्याच्या कॅन्सरमध्ये पायाचं हाड काढून लावतात, मग माणूस चालतो कसा?

तुमच्या भावाच्या खालच्या जबड्यात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघालाय, डॉक्टर तेवढा जबडा काढून तिथे पायाचं हाड बसवायचं म्हणताहेत आणि घरचे सगळे पायाच्या टेन्शनमध्ये आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं अगदी हेच ऑपरेशन झालंय, ६ वर्षं झाली. पायाची काळजी सगळ्यात शेवटी करा.

गुडघ्याखाली दोन हाडं असतात, जाड असतं ते टिबिया, अंगाचा बहुतेक भार तेच घेतं, आणि बाहेरच्या बाजूला काठीसारखं बारीक असतं ते फिब्युला. काढतात ते हे. तेही सगळं नाही, गुडघ्याकडचं आणि घोट्याकडचं ६-७ सेंटीमीटर ठेवतात, नाहीतर घोटा डगमगेल. मी आठवड्याभरात वॉकर धरून चालत होतो. खरं दुखलं ते मांडीवरची साल काढून पोटरीवर लावली तिथे, नुसती चादर लागली तरी आई आठवायची.

हाड नुसतं नेऊन लावत नाहीत बरं का, त्याची स्वतःची रक्तवाहिनी आणि वर थोडी कातडी असं सगळं एकत्र काढतात, हाडाला दोन-तीन ठिकाणी काप देऊन जबड्याचा आकार आणतात, टायटॅनियमच्या प्लेटने बसवतात आणि मायक्रोस्कोपखाली ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडतात. माझं ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते रात्री संपलं. मग आयसीयूत नर्स तासातासाला येऊन तोंडातल्या त्या कातडीचा रंग बघायची, कारण जोड बंद पडला तर लगेच परत ओटीत न्यावं लागतं. गळ्याला भोक, नाकात नळी, बोलणं बंद. पाटी-पेन्सिल घेऊन जा, मोबाइलवर टाइप करायला हात थरथरतात.

आता मुद्द्याचं. जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमात सगळा खेळ पहिल्या ऑपरेशनचा असतो. केमो द्यायची का, आधी की नंतर, ते केसप्रमाणे ठरतं, पण गाठ चहूबाजूंनी चांगलं हाड आणि मांस घेऊन पूर्ण निघणं महत्त्वाचं, थोडी जरी मागे राहिली तरी तिथेच परत येते. म्हणून 'चेहरा वाचवा, कमी कापा' असं डॉक्टरांना सांगू नका. माझ्या बायकोने सांगितलं होतं, सर्जन शांतपणे म्हणाले, ताई, आधी माणूस वाचवू. बायोप्सीच्या स्लाइड्स परळच्या टाटासारख्या ठिकाणी एकदा दाखवून घ्या, छातीचा सीटी स्कॅन झाला नसेल तर विचारा, आणि कापणारी नि जोडणारी टीम एकाच हॉस्पिटलात आहे ना ते बघा. माझे स्वतःचे दोन महिने फुकट गेले, दात हलत होता म्हणून जवळच्या डेंटिस्टने काढला, खड्डा भरेना, खालचा ओठ बधिर, आणि मी आपला अँटिबायोटिक खातोय. ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून जाते, गाठीने ती दाबली होती, हे नंतर कळलं.

चेहरा म्हणाल तर सूज उतरायला बरेच महिने लागतात, नंतर एक बाजू किंचित बसकी दिसते, दाढी ठेवली की कुणाला कळत नाही. जास्त त्रास तोंड उघडण्याचा. फिजिओ सांगेल तो व्यायाम कंटाळा न करता करायला लावा, मी पहिले काही महिने आळस केला त्यामुळे अजून दोनच बोटं मावतात, भाकरी आमटीत कुस्करून खातो. दात नंतर इम्प्लांटवर बसवता येतात, मी अजून बसवले नाहीत, खर्च आहे.

आणि हो, एक गंमत कुणी आधी सांगत नाही, पायाची कातडी तोंडात गेली तरी ती आपला धर्म सोडत नाही, तिच्यावर केस येतात. रेडिएशन झालं असेल तर जातात म्हणे. माझं झालं नाही, त्यामुळे बायको अधूनमधून टॉर्च आणि छोटी कात्री घेऊन बसते.