सासूबाई म्हणतात, ग्रहण पाळलं नाहीस

'माझा सतरा वर्षांचा मुलगा यंदा नंदीध्वजाच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीत पेलायच्या उंच, जड काठीच्या सरावाला जातोय. खोकल्यासाठी एक्स-रे काढला, तर हृदय डावीकडे सरकलेलं दिसलं. एमआरआयमध्ये आलं की डाव्या बाजूला हृदयाचं आवरणच नाही, जन्मापासून. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरलीस, त्याचं हे फळ. मी काय करू?' – एक आई, सोलापूर

ताई,

आधी ग्रहणाचं संपवू. ज्यातून हे आवरण बनतं तो हृदय आणि फुफ्फुसांमधला पडदा गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास पुरा होतो. डावीकडची एक रक्तवाहिनी वेळेआधीच आटली, तर त्या पडद्याला रक्त कमी पडतं आणि तो अपुरा राहतो, असं डॉक्टर मानतात. तुम्ही विळीवर बसलात सातव्या महिन्यात. घडायचं ते कधीच घडून गेलं होतं. सासूबाईंना हा हिशेब एकदा सांगा. नाही पटला तर वाद घालू नका, स्वतःला मात्र पटवा.

आता मुलाचं. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: आवरण डावीकडे पूर्ण नाही, की अर्धवट आहे? उलटं वाटेल, पण पूर्ण नसलेलं बरं. हृदय मोकळेपणी थोडं डावीकडे झुकतं, इतकंच. पुष्कळांना जन्मभर कळतही नाही. १५५९ मध्ये रियाल्दो कोलंबो या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने याची नोंद केली, म्हणजे वैद्यकाला हे नवं नाही. जपायचं ते अर्धवट असेल तर. आवरणात राहिलेल्या भोकातून हृदयाचा एखादा भाग बाहेर येऊन बरणीच्या तोंडात मूठ अडकावी तसा आवळला जाऊ शकतो, आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी भोक बुजवायची किंवा मोठं करायची शस्त्रक्रिया करतात. साधारण तिघांतल्या एकाला हृदयाचा वगैरे आणखी एखादा जन्मजात दोष असतो, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तोही करून घ्या.

डाव्या कुशीवर झोपल्यावर छातीत टोचतं का, धावताना चक्कर येते का, हे त्याला विचारा. कधी शुद्ध हरपली असेल, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, तसेच निघा.

उत्तर मिळेपर्यंत सराव बंद. रुसेल, रुसू द्या. बाराबंदी घालून मिरवणुकीत चालायला मिळेल का, हेही डॉक्टरांनाच विचारा. पण रिपोर्ट कपाटात लपवू नका आणि तिथे गेल्यावर त्यालाच बोलू द्या. नंदीध्वज पेलताना कमरेवर, छातीवर किती जोर येतो, ते तुम्हाला नाही सांगता येणार.